आकड्याला भुलू नका, हाताला पेलेल ते यंत्र घ्या

आपल्या गावच्या शाळेचे, अंगणवाडीचे, नाहीतर समाजमंदिराचे दार एकदा नीट बघून या. वरची बिजागरी निघालेली, दार खालच्या बिजागरीवर लोंबकळतंय आणि कडीच्या जागी सुतळी बांधलीय, असे एखादे तरी दार सापडेलच. काम किती? चार स्क्रूंचे. वेळ किती? दहा मिनिटांचा. पण दार वर्ष-दोन वर्षे तसेच राहते. विचारायला जावे तर उत्तरे तयार असतात. सुतार तालुक्याला फर्निचरच्या कामावर गेला. मिस्त्री म्हणतो, एवढ्याशा कामाला मशीन घेऊन येणं परवडत नाही. तो आला तर लाईट नसते, आणि लाईट आली तर तो गेलेला असतो.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवायला लिहीत नाही. आधी स्वतःचेच सांगतो. आमच्या गोठ्याच्या पश्चिमेकडचे दोन पत्रे ढिले झाले होते. वारा सुटला की फडफडायचे. उद्या बघू, परवा बघू, असे म्हणत महिना काढला. २०२४ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. पावसाच्या आधी जो वारा सुटला त्याने एक पत्रा उचकटला आणि बांधापलीकडे नेऊन टाकला. खाली जनावर नव्हते, माणूस नव्हते, हे नशीब. पण रचून ठेवलेला कडबा भिजला, त्याला बुरशी आली, आणि ऐन पावसाळ्यात वैरण विकत घ्यायची पाळी आली. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो. ती आपल्याच गोठ्यावर उलटेल असे वाटले नव्हते.

मग चेव आला. म्हटले, आता आपलेच बॅटरीवरचे ड्रिल मशीन घेऊन टाकू. जिल्ह्याच्या गावी गेलो. दुकानात एक झकपक पेटी मांडलेली होती. तीवर ठसठशीत आकडा होता ८८. आत मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर, तीसेक बिटे, पाने, सगळा संसारच. किंमत नावाजलेल्या कंपनीच्या निम्म्याहून कमी. पहिले आठ दिवस आनंदात गेले. नंतर एका साध्या अँगलला भोक पाडताना बिटाचे टोक निळे पडले आणि मशीन जागच्या जागी थांबले. चार महिन्यांत एक बॅटरी चार्ज होईना. दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, "तो माल आता येत नाही." पेटी आजही माळ्यावर आहे. आमच्या आळीतले सुतारकाका ती बघून एवढेच म्हणाले, "तुम्ही आकडा विकत आणलात, हत्यार राहिलंच दुकानात."

त्यांचे ते बोलणे मनाला लागले. त्यानंतर चार ठिकाणी विचारपूस केली, काम करणाऱ्यांच्या हातातली यंत्रे बघितली, स्वतःही एक लहान यंत्र घेऊन दोन हंगाम वापरले. त्यातून जे मत बनले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. मत असे: गावातल्या किरकोळ दुरुस्तीला लहान, एका हाताला पेलणारे, क्लच असलेले ड्रिल हेच पहिले यंत्र. इम्पॅक्ट ड्रायव्हर दुसरा. आणि या दोन्हींत खरी खरेदी असते ती बॅटरीची.

वायर नसलेले यंत्र कशाला?

"घरात वायरचं ड्रिल आहे की, मग हे कशाला?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. घरातल्या भिंतीला भोके पाडायची असतील आणि वीज असेल तर वायरचे ड्रिल स्वस्तही पडते आणि दमतही नाही. पण आपली दुरुस्ती निघते कुठे? गोठ्याच्या छपरावर, विहिरीजवळच्या स्टार्टरच्या पेटीला, शेडनेटच्या खांबावर, ठिबकच्या सबमेनवर. शेतीच्या वाहिनीला वीज पाळीपाळीने येते आणि कित्येकांची पाळी रात्रीची असते. घरापासून गोठ्यापर्यंत वायर ओढत न्यायची, ती मध्ये दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली, खाली शेण-पाण्याची ओल. असल्या वायरीने माणसे दगावली आहेत. बॅटरीचे यंत्र तो धोका टाळते.

ही यंत्रे नवी नाहीत. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने बॅटरीवरचे पहिले ड्रिल १९६१ मध्ये बाजारात आणले. पण तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड होत्या आणि लवकर उतरत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि २००५ च्या आसपास ती ड्रिलमध्ये बसू लागली. तेव्हापासून यंत्र हलके झाले. आज बॅटरीसकट किलोभर वजनाचे यंत्र सहा मिलिमीटरचे भोक लोखंडी पट्टीत आरामात पाडते. किलोभर म्हणजे किती? अंगणवाडीच्या ताईंनाही एका हातात धरता येईल आणि दुसऱ्या हाताने दार धरता येईल, एवढेच. हा मुद्दा लहान समजू नका. जे हत्यार फक्त मिस्त्रीच्या हातात शोभते ते मिस्त्रीची वाट बघत पेटीत पडून राहते.

नावांचा घोळ

दुकानात गेल्यावर पहिली फसगत नावातच होते. इम्पॅक्ट ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर ही दोन वेगळी यंत्रे आहेत. नाव अर्धे सारखे असल्याने एक मागायला जावे आणि दुसरे घेऊन यावे, असे बऱ्याच जणांचे होते.

साधे ड्रिल-ड्रायव्हर म्हणजे पुढे तीन जबड्यांचा चक, त्यामागे आकडे लिहिलेली क्लचची कडी आणि वर दोन गतींचे बटण. ते नुसते फिरते, ठोकत नाही. लाकूड, लोखंड, प्लास्टिक यांत भोक पाडते आणि स्क्रूही पिळते.

इम्पॅक्ट ड्रिल किंवा हॅमर ड्रिल म्हणजे याच यंत्राला पुढे ठोकण्याची जोड दिलेली. कडीवर हातोडीचे चिन्ह असते. ते विटेच्या भिंतीसाठी. लिंटेल किंवा स्लॅबच्या काँक्रीटला मात्र हेही पुरत नाही. तिथे मिस्त्रीकडचा रोटरी हॅमरच लागतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर ही तिसरीच जात. त्याला चक नसतो. पुढे दोन सुती, म्हणजे पाव इंची षटकोनी भोक असते आणि षटकोनी बुडाचे बिटच त्यात बसते. स्क्रू जड जायला लागला की आतली स्प्रिंगवरची हातोडी फिरण्याच्या दिशेने ठोके देते, मिनिटाला तीन हजार आणि त्याहून अधिक. पाना अडकल्यावर आपण हातोडीने त्याच्या दांड्यावर ठोकतो ना, तसाच हा प्रकार. त्यामुळे लांब स्क्रूही झरझर आत जातो आणि मनगटाला पीळ बसत नाही. पण तो पुढच्या दिशेने ठोकत नाही. म्हणून भिंतीत भोक पाडायला त्याचा काही उपयोग नाही.

पेटीवरची अक्षरेही वाचता येतात. बॉशच्या यंत्रावर जीएसआर असेल तर साधे ड्रिल, जीएसबी असेल तर ठोकणारे ड्रिल, जीडीआर असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर. मकिताच्या यंत्रावर डीएफ, एचपी आणि टीडी अशी तीच तिन्ही अनुक्रमे असतात. कोणतीही कंपनी घ्या, पण आपण काय मागतोय ते दुकानदाराला नावाने सांगता आले पाहिजे.

आधी ड्रिलच का?

इम्पॅक्ट ड्रायव्हर जास्त जोरकस, मग तोच आधी का नको? तरुण पोरे हाच प्रश्न विचारतात, कारण त्याचा आवाज आणि जोर बघून कोणीही हरखते. जोर मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. सोपे करून सांगायचे तर एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण एक किलो वजन टांगले की दहा न्यूटन-मीटर होतात. लहान ड्रिलचा जोर वीस ते पस्तीस, म्हणजे दोन ते साडेतीन किलो. लहान इम्पॅक्ट ड्रायव्हरचा शंभराच्या आसपास, म्हणजे दहा किलो. फरक मोठा आहे, यात वाद नाही.

पण आपली किरकोळ कामे कसली असतात ते बघा. बिजागरी, कडी-कोयंडा, खिडकीची जाळी, फळा, नावाची पाटी, खुराड्याची जाळी, मीटरची पेटी. या कामांत जोर कमी पडत नाही, बेताचा अंदाज कमी पडतो. जुन्या सागवानी चौकटीत स्क्रू गरजेपेक्षा अर्धा फेरा जास्त फिरला की लाकडातले आटे मरतात आणि तो स्क्रू पुन्हा कधी धरत नाही. इथे ड्रिलची क्लचची कडी कामाला येते. लहान आकड्यावर ठेवली तर थोडा अडथळा आला की ती कटकट आवाज करून पीळ सोडून देते. सुरुवात लहान आकड्यावर करायची आणि स्क्रू पुरता बसेपर्यंत एकेक आकडा वाढवायचा. अशी क्लचची कडी इम्पॅक्ट ड्रायव्हरला नसते. काहींना वेग कमी-जास्त करायचे बटण असते, पण तेवढ्याने हा अंदाज येत नाही. नवख्या हातात तो स्क्रूचे डोके तोडतो, नाहीतर प्लास्टिकची पेटी फोडतो.

दुसरे कारण भोकाचे. स्क्रूच्या आधी भोक लागतेच. बाभळीच्या फळीत भोक न पाडता स्क्रू घुसवून बघा, निम्म्यातच तुटेल. स्क्रूपेक्षा जरा बारीक भोक पाडावे, स्क्रूला साबण चोळावा, मग पिळावा. जुने सुतार गिरमिटाने हेच करायचे. गोल बुडाची साधी बिटे ड्रिलच्या चकमध्ये बसतात आणि ती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

ठिबकवाल्यांनी तर ड्रिलच घ्यावे. सबमेनला भोके पाडताना ग्रोमेट ज्या मापाचा, त्याच मापाचे बिट लावा आणि हळू गतीवर ठेवा. भोक वाकडे-तिकडे झाले की ग्रोमेट गळतो. आणि एक लक्षात ठेवा, भोक पाडताना निघालेला पीव्हीसीचा भुसा पाइपात पडतो. लॅटरल जोडण्याआधी सबमेन पाण्याने फ्लश केला नाही, तर तोच भुसा ड्रिपरमध्ये जाऊन बसतो आणि मग आपण पाण्याला दोष देत बसतो.

मग इम्पॅक्ट ड्रायव्हर कधी?

ज्याच्याकडे पत्र्याचे काम वारंवार निघते त्याने जरूर घ्यावा. हल्ली पत्रे पूर्वीसारखे जे-हुकाने न बांधता सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसवतात. स्क्रूचे टोकच बिटासारखे असते, डोके षटकोनी आणि खाली रबराचा वायसर. अशा डोक्याला बहुधा आठ मिलिमीटरचा चुंबकवाला सॉकेट लागतो. चार-सहा स्क्रू असतील तर लहान ड्रिलही ते काम ओढून नेते. पण सबंध शेडचे दोनशे स्क्रू पिळायचे तर इम्पॅक्ट ड्रायव्हरच हवा. शिडीवर उभे राहून एका हाताने काम करताना मनगटाला पीळ बसत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पण इथेच गावोगाव एक चूक होते. बोट खटक्यावरून उठतच नाही आणि रबराचा वायसर चेपून पार चपटा होतो, नाहीतर फाटतो. पहिल्याच पावसात त्या भोकातून ठिबक सुरू. मग पत्रा वाईट निघाला, असा बोभाटा. वायसर धातूच्या टोपीच्या कडेला जरासा फुगून दिसला की थांबायचे. पत्रा खोलगट दिसू लागला म्हणजे जास्त पिळले गेले. घट्टपणाचाही एक बेत असतो.

ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाचे नट इम्पॅक्ट ड्रायव्हरने सुटतील, अशी आशा कोणी ठेवू नये. त्याला इम्पॅक्ट रेंच नावाचे वेगळे आणि महाग यंत्र असते. शिवाय इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज कान बधिर करणारा असतो. तासभर काम असेल तर कानात बोळे घालावेत.

व्होल्टचा खेळ

आता त्या ८८ आकड्याकडे येऊ. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. तीन सेल एकापुढे एक जोडले की १०.८ व्होल्ट. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून तीन सेलची बॅटरी भरल्यावर १२ च्या थोडी वर जाते. त्यामुळे एकीवर १०.८ लिहिलेले असते, दुसरीवर १२. वस्तू एकच. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, आणि तीच बॅटरी भरल्यावर २१ च्या आसपास. म्हणून कोणी १८ लिहितो, कोणी २०, कोणी २१. यात जोराचा फरक नाही, फक्त लिहिण्याचा आहे.

आता ८८ ला ३.६ ने भागा. चोवीस सेल लागतील. एकेक सेल करंगळीपेक्षा जाड आणि अडीच इंच लांब. मुठीत मावणाऱ्या बॅटरीत असे चोवीस सेल बसतील का? ४८ म्हटले तरी तेरा लागतात. शाळेत भागाकार शिकलेल्या कोणालाही हे कळेल, पण दुकानात उभे राहून भागाकार करायचे सुचत नाही. मलाही सुचले नाही. पुष्कळदा अशा आकड्यापुढे एफ हे अक्षर जोडलेले असते. त्याचा व्होल्टशी काही संबंध नाही. बॅटरीच्या पाठीवर बारीक अक्षरात खरा आकडा लिहिलेला असेल तर तो वाचा. तो तिथेही नसेल तर पेटी खाली ठेवून घरी या.

व्होल्टच्या जोडीला दुसरा आकडा बघायचा तो अँपियर-अवरचा. व्होल्टला त्याने गुणले की बॅटरीत माल किती ते कळते. १०.८ व्होल्ट आणि २ अँपियर-अवर म्हणजे २१.६ वॉट-अवर. १८ व्होल्ट आणि २ अँपियर-अवर म्हणजे ३६. मोठ्या बॅटरीत माल जास्त, पण वजनही जास्त.

मग १२ घ्यावे की १८? घर, गोठा, शाळा एवढीच कामे असतील तर १२ व्होल्टचे लहान ड्रिल पुरते. ते कपाटाच्या कोपऱ्यात आणि वासा-पत्र्याच्या फटीतही शिरते. शेड उभारणी, पॉलिहाऊस, ट्रॉलीच्या फळ्या अशी जड कामे वरचेवर असतील आणि पुढे त्याच बॅटरीवर ग्राइंडर चालवायचा विचार असेल तर १८ व्होल्टचे लहान बांध्याचे यंत्र घ्या. पण आधी ठरवा, मग दुकानात जा. एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची यंत्रे त्याच कंपनीची घ्यावी लागतात, कारण एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. नावाजलेल्या कंपनीचा १२ व्होल्टचा संच, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह, आज साधारण पाच ते दहा हजारांच्या घरात येतो. ब्रशलेस मोटरचे यंत्र महाग पडते. त्याची बॅटरी जास्त वेळ पुरते हे खरे, पण आठवड्यातून एकदा हातात येणाऱ्या यंत्राला कार्बन ब्रशची साधी मोटरही चालते.

बॅटरी म्हणजे जित्राब

बॅटरी जित्राबासारखी सांभाळावी लागते. उन्हात बांधून ठेवली की मरते. वैशाखात ट्रॅक्टरच्या सीटखाली किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी कंपनीने कितीही चांगली बनवली असली तरी टिकत नाही. चाळीस-पंचेचाळीस अंशांपलीकडच्या उष्णतेत चार्जिंग करू नये. कामावरून आणलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ द्यावी. पूर्ण उतरेपर्यंत पिळून वापरायची जुनी सवय निकेल-कॅडमियमची होती, लिथियमला ती घातक. बरेच दिवस वापर नसेल तर निम्मी भरून सावलीत, कोरड्या जागी ठेवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात झाकणबंद डब्यात ठेवावी.

मेलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकू नका, ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला तसे सांगा आणि त्याच्याकडे जमा करा.

बिटांत कंजूषी नको. पेटीतली तीस बिटे दिसायला भरगच्च, पण लोखंडावर चालतील अशी दोन-चारच. त्यापेक्षा एचएसएसची तीन, चार, पाच, सहा आणि आठ मिलिमीटरची पाच चांगली बिटे वेगळी घ्या. लोखंडाला भोक पाडताना आधी सेंटर पंचाने खूण करा, गती हळू ठेवा आणि तेलाचा थेंब सोडा. बिट निळे पडले म्हणजे तुम्ही घाई केलीत. डोळ्यांवर चष्मा हवा. उपरणे, पदर, बांगड्या, सैल बाही बिटापासून दूर. हातमोजेही नकोत, फिरते बिट ते गुंडाळून घेते आणि बोटही ओढते. आणि यंत्राला वायर नाही म्हणून शॉक नाही, असे समजू नका. भिंतीत वायर असते, स्टार्टरच्या पेटीत करंट असतो. आधी मेन स्विच बंद, मग ड्रिल.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

आता सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना सांगायचे आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीकडे असा एक संच असायला काय हरकत आहे? दाराची बिजागरी, नळाच्या पाइपाची क्लिप, अंगणवाडीच्या खिडकीची जाळी ही कामे इतकी लहान असतात की त्यांचे अंदाजपत्रक होत नाही, ठेकेदार त्यांना हात लावत नाही आणि ग्रामसभेत त्यांचा विषय निघाला तर लोक हसतात. म्हणून ती पडून राहतात. चार वर्षांनी सबंध दारच बदलायचे काम निघते. त्याचे मात्र अंदाजपत्रकही होते आणि बिलही निघते.

पण खरेदी नीट करा. दरपत्रक मागवताना नुसते "बॅटरीचे ड्रिल मशीन" एवढेच लिहिले तर सर्वांत कमी दर कोणाचा येईल? त्याच ८८ वाल्याचा, आणि नियमावर बोट ठेवून तोच घ्यावा लागेल. म्हणून मागणीत स्पष्ट लिहा: १२ किंवा १८ व्होल्ट, क्लच आणि दोन गती असलेले, विटेच्या भिंतीसाठी हातोडीची सोय, किमान २ अँपियर-अवरच्या दोन बॅटऱ्या, चार्जर, पक्के बिल, कंपनीची लेखी हमी, जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आणि सुटी बॅटरी मिळण्याची सोय. शेवटची अट सर्वांत मोलाची. माझी फसगत नेमकी तिथेच झाली.

संच आला की जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवा. कपाटाची किल्ली कोणाकडे, कोणी कधी नेला, बॅटरी भरून परत आली का, याची एक साधी वही ठेवा. नाहीतर आज सदस्याकडे, उद्या त्याच्या मेव्हण्याकडे, असे करत तो शेवटी कोणाच्या तरी शेतातल्या खोपीत सापडेल. पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला एक दिवस सुताराजवळ बसवून ते चालवायला शिकवा, आणि त्या दिवसाची सुताराला मजुरी द्या.

कोणी म्हणेल, पंचायतीने मशीन घेतले की सुताराच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण बलुतेदारी मोडल्यावर गावात टिकून राहिलेला कारागीर मुळातच थोडा. पण जी कामे आज कोणीच करत नाही तीच यातून होतील. उलट सुताराकडे यंत्र असेल तर पंचायतीने ते विकत घेण्याऐवजी वर्षाचा किरकोळ दुरुस्तीचा दर ठरवून काम त्यालाच द्यावे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार धरून अठरा व्यवसाय आहेत आणि साधनांच्या पेटीसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ती मदत मिळालेला कारागीर गावात असेल तर पहिला हक्क त्याचा. कोणत्या वाटेने जायचे ते गावाने ठरवावे. माझा आग्रह इतकाच की दाराची सुतळी सुटली पाहिजे.

शेतकरी बंधूंनो, मृग लागण्याआधी एकदा शिडी लावून आपल्या पत्र्यांवरून नजर फिरवा. कुठला स्क्रू निघाला, कुठला वायसर सुकला, कुठली बिजागरी सैल आहे ते बघा. चार घरांत मिळून एक लहान ड्रिल घेतले तरी चालेल. बैल गोठ्यात उभा असतानाच झोपा करून घेऊ या.